आठ उड्या आणि एक मोजपट्टी

नव्या पँटचे माप द्यायला शिंप्यापुढे उभे राहिलो की आपण नकळत पोट आत घेतो. शिंपी मुरलेला असेल तर काही बोलत नाही. टेपखाली एक बोट ठेवतो, आकडा वहीत टिपतो आणि पँट पुढे नीट बसते, कारण लबाडी दोघांनाही ठाऊक असते. ज्या खेळाची ओळख मी इथे करून देणार आहे, त्यातला खेळाडू माप देताना याच्या अगदी उलट वागतो. आपले शरीर मोठे भरावे, असे त्याला वाटत असते. शरीर मोठे भरले की पोशाखही तेवढा मोठा शिवता येतो. पोशाख मोठा असला की हवेला धरायला जास्त कापड मिळते. आणि हवेने जास्त धरून ठेवले की माणूस जमिनीवर जरा उशिरा उतरतो. या 'जरा उशिरा'वर ऑलिंपिक पदके ठरतात. ७ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री चीनमधल्या झांगजियाकोच्या टेकडीवर अशाच थोड्याशा कापडापायी एका संघस्पर्धेचा निकाल उलटापालटा झाला. त्या रात्रीचा वाद आणि त्यामागचा सगळा खेळ समजून घ्यायचा, तर सुरुवात जरा लांबून करावी लागेल.

आपल्याकडे ती रात्र फारशी कुणी पाहिली नाही. गलवानच्या चकमकीत सामील असलेल्या चिनी सैनिकाच्या हाती ज्योत दिल्यामुळे भारताने त्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनावर आणि समारोपावर राजनैतिक बहिष्कार घातला होता, आणि दूरदर्शननेही ते सोहळे दाखवले नव्हते. काश्मीरचा आरिफ खान हा आपला एकटा खेळाडू होता, आणि तो उतारावरच्या स्कीइंगमध्ये. स्की घालून उडी मारणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे नाही. सह्याद्रीत तर बर्फच नाही. त्यामुळे मराठी वाचकाला हा खेळ बातम्यांच्या शेवटी दाखवतात त्या दोन सेकंदांच्या तुकड्यापुरताच माहीत असतो: एक माणूस, दोन लांब पट्ट्या, पांढरे आकाश. चूक वाचकाची नाही. पण क्रिकेटमध्ये पाऊस आल्यावर डकवर्थ-लुईसच्या आकडेमोडीवर चहाच्या टपरीवर तासभर भांडणाऱ्या माणसाला हा खेळ नक्की आवडेल, असे मला नेहमी वाटते. यात तर दर उडीला डकवर्थ-लुईस आहे.

खेळाचे दोन प्रकार आहेत: स्की जंपिंग आणि स्की फ्लाइंग. साहित्य तेच, तंत्र तेच. फरक टेकडीच्या आकाराचा. झांगजियाकोची लहान टेकडी १०६ मीटरांची होती. फ्लाइंगच्या टेकड्या तिच्या दुपटीहून मोठ्या. जगात आज वापरात असलेल्या फ्लाइंगच्या टेकड्या चारच: स्लोव्हेनियात प्लानिका, नॉर्वेत विकरसुंड, जर्मनीत ओबर्स्टडोर्फ आणि ऑस्ट्रियात कुल्म. पाचवी चेक प्रजासत्ताकातल्या हाराखोवची. तिथे मार्च २०१४ मध्ये फ्लाइंगची जागतिक स्पर्धा भरली आणि वाऱ्याने तिचे हाल केले. वैयक्तिक स्पर्धेच्या चार फेऱ्यांच्या दोनच झाल्या आणि सांघिक स्पर्धा रद्दच करावी लागली. त्यानंतर ती टेकडी ओस पडली आहे.

फ्लाइंगमध्ये खेळाडू ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने घसरपट्टी सोडतो आणि सात-आठ सेकंद हवेत राहतो. सात-आठ सेकंद म्हणजे किती, हे हे वाक्य मोठ्याने वाचून पाहिले की कळेल. अंगावर फक्त शिरस्त्राण, पोशाख, बूट आणि स्की. पुढे झुकायचे, दोन्ही स्कींची टोके फाकवून इंग्रजी 'व्ही'चा आकार करायचा आणि खालून येणाऱ्या हवेवर अक्षरशः पालथे पडून राहायचे. हा 'व्ही' स्वीडनच्या यान बोक्लेवने ऐंशीच्या दशकात आणला, तेव्हा पंचांनी त्याचे शैलीचे गुण कापले. स्की समांतर ठेवणे हेच सौंदर्य, असा त्यांचा नियम होता. बोक्लेव दूर जात राहिला, १९८८-८९ चा विश्वचषक जिंकला, आणि काही वर्षांत सगळे जग त्याच्यासारखे उडू लागले.

खेळाडू पुढे, नियम मागून धापा टाकत, असे या खेळात पहिल्यापासून चालत आले आहे. १९३६ साली प्लानिकात ऑस्ट्रियाच्या अठरा वर्षांच्या सेप ब्राडलने शंभर मीटरची रेघ प्रथम ओलांडली, तेव्हा एवढ्या मोठ्या टेकडीला आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची, म्हणजे 'फिस'ची, मान्यताच नव्हती. स्टान्को ब्लोउदेक या अभियंत्याने ती टेकडी हट्टाने वाढवत नेली होती. पुढे ऐंशीच्या दशकात अपघात वाढले तेव्हा महासंघाने एक विलक्षण तोडगा काढला: १९१ मीटरांपलीकडे कितीही गेलात तरी कागदावर १९१ च लिहायचे. नदीला पूर आला म्हणून पूररेषेच्या दगडावरचे वरचे आकडे खोडून टाकावेत, तसला हा प्रकार. १९९४ मध्ये प्लानिकातच आंद्रेआस गोल्डबर्गर २०२ मीटरवर उतरला, पण उतरताना हात बर्फाला टेकला म्हणून ते धरले गेले नाही. त्याच दिवशी फिनलंडचा टोनी निएमिनेन २०३ वर नीट उभा राहिला आणि पहिला दोनशेवाला ठरला. एका हाताच्या स्पर्शामुळे गोल्डबर्गरचे नाव इतिहासात तळटीप होऊन राहिले. आज हा आकडा २५४.५ वर आहे. मार्च २०२५ मध्ये दोमेन प्रेव्त्सने तोही प्लानिकातच नोंदवला. स्त्रियांना मात्र या मोठ्या टेकड्यांवर अधिकृत स्पर्धेत उडायला मार्च २०२३ उजाडावे लागले. विकरसुंडच्या त्या पहिल्या स्पर्धेत एमा क्लिनेत्सने २२६ मीटर गाठून 'त्यांना झेपेल का' या जुन्या प्रश्नाचा निकाल लावला.

एका माणसाचे नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वित्झर्लंडचा वाल्टर श्टाइनर. व्यवसायाने लाकूड कोरणारा कारागीर, आणि १९७२ मध्ये भरलेल्या पहिल्या फ्लाइंग जागतिक स्पर्धेचा विजेता. १९७४ साली प्लानिकात तो इतका दूर जाऊ लागला की उतार संपून सपाटी सुरू होते तिथे आदळण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा त्याने इतरांपेक्षा खालच्या जागेवरून सुरुवात केली, म्हणजे आपणहून वेग कमी घेतला. वेर्नर हेर्झोगने त्याच्यावर केलेला माहितीपट आजही पाहावा असा आहे. आता खालून सुरुवात करणे हा डावपेच झाला आहे आणि त्याचे गुण मिळतात. श्टाइनरला ते जिवासाठी करावे लागले होते.

आता गुणांचा हिशेब. टेकडीवर एक ठरावीक रेघ असते. तिच्यापुढे जाल तितके गुण वाढतात, मागे राहाल तितके कमी होतात. फ्लाइंगमध्ये मीटरला १.२ गुण, लहान टेकडीवर मीटरला २. पाच पंच शैलीचे गुण देतात, त्यांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून टाकतात. समोरून वारा आला तर तो उचलून धरतो, म्हणून गुण वजा. पाठीमागून आला तर दाबतो, म्हणून गुण अधिक. सुरुवातीची जागा खाली आणली तर भरपाई. प्रशिक्षकही आपल्या खेळाडूसाठी जागा खाली मागू शकतो, पण ती भरपाई खिशात पडायला खेळाडूने टेकडीच्या मापाच्या ९५ टक्के अंतर गाठावे लागते. जुगारच आहे. ही वारा-भरपाई गेल्या पंधरा-सोळा वर्षांतली. जुने प्रेक्षक अजून कुरकुरतात की, सर्वांत दूर कोण गेले हे डोळ्यांना दिसते आणि जिंकले कोण हे संगणक सांगतो. मला त्यांची कुरकुर पटते आणि भरपाईही पटते. सामना अर्धवट सोडून घरी जाण्यापेक्षा आकडेमोड बरी, हे आपण क्रिकेटमध्ये केव्हाच मान्य केले आहे.

सांघिक स्पर्धेत हे सगळे चौपट होते. चार खेळाडू, प्रत्येकाच्या दोन उड्या, आठ उड्यांची बेरीज. पहिल्या फेरीनंतर वरचे आठ संघ उरतात. फ्लाइंगच्या जागतिक स्पर्धेत हा प्रकार २००४ पासून आहे. यात कुणाची वाईट उडी बाजूला ठेवता येत नाही. सगळ्या उड्या मोजल्या जातात. रिले शर्यतीत बॅटन हातून पडले तर पुन्हा उचलून धावता येते. इथे एक उडी बाद झाली की तिच्या जागी शून्य बसते. वैयक्तिक स्पर्धेत बाद झालेला खेळाडू आपले नशीब घेऊन खोलीवर जातो. संघात बाद झालेल्याला खाली थांबून उरलेल्या तिघांकडे बघत राहावे लागते.

या सगळ्यात पोशाख कुठे आला? सगळीकडेच. कापडातून ठरावीक प्रमाणात हवा आरपार गेलीच पाहिजे; तसे नसते तर पोशाखाचे शीड झाले असते. स्की उंचीच्या जास्तीत जास्त १४५ टक्के लांब, आणि वजन फार कमी असेल तर त्याहून आखूड. हा नियम खेळाडूंनी स्वतःला उपाशी मारू नये म्हणून करावा लागला. आणि पोशाख शरीराच्या मापापेक्षा काही सेंटीमीटरच मोठा. सर्वांत नाजूक जागा म्हणजे दोन पायांमधली शिवण, आपले शिंपी जिला आसन म्हणतात. ते आसन थोडे खाली आले की फाकलेल्या पायांमध्ये कापडाचा एक त्रिकोण ताणला जातो आणि वटवाघळाच्या पंखासारखा हवा धरतो. सगळ्या संघांचे शिंपी हेच करतात. नियमाच्या रेषेला कापड चिकटून ठेवायचे, शक्य तर रेषेवरच. वरून शरीर स्थिर राहत नाही. हंगामाच्या मधोमध एखाद-दोन किलो उतरले, थंडीने, उपासाने किंवा काळजीने, की तोच पोशाख सैल पडतो. गुन्हा कुठे सुरू झाला, हे मग टेपच ठरवते, आणि टेप माणसाच्या हातात असते.

आता ती रात्र. ऑलिंपिकमध्ये मिश्र सांघिक स्की जंपिंग प्रथमच होत होते: दोन स्त्रिया, दोन पुरुष. टेकडी लहान, फ्लाइंगची नव्हे, पण नियम आणि मोजमाप त्याच घरचे. दहा संघ उतरले. जर्मनीने या प्रकारातली जागतिक अजिंक्यपदे २०१५ पासून सलग चार वेळा जिंकली होती. जपानकडे सारा ताकानाशी होती. विश्वचषकातल्या तिच्या विजयांची संख्या ६३ आहे. इतके विजय दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. पण ऑलिंपिक तिला कायम हुलकावणी देत आले होते: २०१४ मध्ये चौथी, २०१८ मध्ये कांस्य, आणि या स्पर्धेच्या दोन दिवस आधी पुन्हा चौथी. ताकानाशीने पहिली उडी १०३ मीटर मारली. खाली तपासणी झाली आणि ती बाद: मांडीपाशी पोशाख सैल. ऑस्ट्रियाची दानिएला इराश्को-श्टोल्त्स बाद. जर्मनीची कातारिना आल्टहाउस बाद. दोनच दिवसांपूर्वी हिने याच टेकडीवर रौप्य मिळवले होते. जर्मनीचा संघ नववा राहिला आणि पहिल्याच फेरीत संपला. दुसऱ्या फेरीत नॉर्वेच्या आना ओडिने स्ट्रोम आणि सिल्ये ओप्सेथ दोघीही बाद, आणि नॉर्वे आठव्या स्थानावर. एका संध्याकाळी चार बलाढ्य संघांतल्या पाच जणी, आणि पाचही स्त्रिया. पुरुष एकही नाही.

ताकानाशीला दुसऱ्या फेरीत उडावेच लागले. ती उडाली, चांगली उडाली, खाली आली आणि चेहरा झाकून बसून राहिली. आदल्याच दिवशी सुवर्ण जिंकलेला र्योयू कोबायाशी नंतर तिला जवळ घेऊन उभा होता. दुसऱ्या दिवशी तिने समाजमाध्यमावर एक कोरे काळे चित्र लावले आणि खाली जपानची माफी मागितली. काही सेंटीमीटर कापडासाठी एवढी माफी कुणी मागू नये, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

खेळाडूंची तक्रार अशी होती: त्या रात्री माप नेहमीसारखे घेतले गेले नाही. स्त्रियांच्या नेहमीच्या तपासनीसाबरोबर पुरुष विभागाचा तपासनीसही तिथे होता. उभे राहण्याची, हात धरण्याची पद्धत बदलली. आल्टहाउसने सांगितले की अकरा वर्षांत असंख्य वेळा तपासणी झाली आणि आपण एकदाही बाद झालो नाही. महासंघाचे म्हणणे: नियम तेच, पोशाख मापात नव्हते, एवढेच. कोण खरे? माझ्या मते दोघेही, आणि म्हणून हा वाद साध्या फसवणुकीपेक्षा जास्त अवघड आहे. पोशाख बहुधा खरोखरच मोठे असतील. पण ते सगळा हंगाम मोठे असतील आणि कुणी हटकले नसेल, तर ऑलिंपिकच्या रात्री अचानक काटेकोर होणे हा नियमाचा अंमल म्हणता येत नाही. वर्षभर उधारी चालू देणाऱ्या दुकानदाराने लग्नाच्या दिवशी मांडवात येऊन वही उघडावी, तसे ते होते. पैसे बाकी होते, हे खरेच. पण ती वेळ आणि ती जागा कुणी निवडली, हाही प्रश्न उरतोच. नेमक्या स्त्रियाच का सापडल्या, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही वाचायला मिळालेले नाही.

सुवर्ण स्लोव्हेनियाने १००१.५ गुणांनी जिंकले. त्यांच्या निका क्रिझनार, तिमी झाइत्स, उर्शा बोगाताय आणि पेटर प्रेव्त्स यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. कुणी बाद झाले नसते तरी ते बहुधा जिंकलेच असते. दुसरा संघ रशियन ऑलिंपिक समितीचा. तिसरा कॅनडा, ज्याचे नाव त्या संध्याकाळच्या कुठल्याही अंदाजात नव्हते. कॅल्गरीतल्या टेकड्या बंद पडल्यावर या खेळाडूंनी स्लोव्हेनियात जाऊन सराव केला होता. घरापासून समुद्रापलीकडे राहून उडणाऱ्या या चौघांचे पदक संशयाने बघण्याचे काही कारण नाही. त्यांचे पोशाख मापात होते.

पुढे तीन वर्षांनी जे घडले त्यामुळे झांगजियाकोची रात्र वेगळ्या उजेडात दिसते. मार्च २०२५, नॉर्वेतले ट्रॉन्डहाइम, नॉर्डिक जागतिक स्पर्धा. तोपर्यंत पोशाखात चिप बसवण्याची पद्धत आली होती, म्हणजे तपासलेला पोशाख मागाहून बदलू नये. आणि मग एक चोरून काढलेले चित्रीकरण बाहेर आले: पडद्यामागे नॉर्वेचे पथक प्रशिक्षकाच्या देखत शिवणयंत्र चालवत होते. दुसऱ्या संघांनी हरकत घेतली. शिवणी उसवून पाहिल्या तेव्हा आत ताठ धागा निघाला, तोही आसनापाशी, जिथे तो त्रिकोण ताणायचा असतो. मोठ्या टेकडीवर दुसरा आलेला मारियुस लिंडविक आणि त्याचा सहकारी योहान आंद्रे फोरफांग बाद झाले. मागाहून निलंबने आली. पुढच्याच आठवड्यात विकरसुंडला घरच्या फ्लाइंग टेकडीवर नॉर्वे आपल्या पाच निलंबित खेळाडूंशिवाय उतरला, आणि महासंघाने सगळ्यांचे पोशाख जप्त करून स्वतःच्या ताब्यात ठेवले. एका खेळाडूला एकच पोशाख, उडीपुरता हातात मिळणारा. ऑगस्टमध्ये लिंडविक आणि फोरफांग यांनी तीन महिन्यांची बंदी मान्य केली. नॉर्वेने त्याच स्पर्धेत आधी मिळवलेले सांघिक कांस्य मात्र नॉर्वेकडेच राहिले.

दोन प्रकरणे शेजारी ठेवून बघा. ट्रॉन्डहाइममध्ये ठरवून टाका घातला होता, पकडला पडद्यामागच्या कॅमेऱ्याने. झांगजियाकोत पाच बायकांनी लपवाछपवी केल्याचा आरोप कुणी केला नाही, आणि त्यांना पकडले टेपने. शिक्षा मात्र झांगजियाकोतली मोठी ठरली, कारण ती सांघिक स्पर्धा होती आणि शून्य एकाच्या नव्हे तर चौघांच्या खात्यावर बसले.

पुढच्या पानांत फ्लाइंगच्या सांघिक स्पर्धा, वाऱ्याने उधळलेले दिवस, पंचांचे पूर्वग्रह आणि पोशाखांचे कपट यांचा मागोवा आहे. वाचताना आकड्यांचा कंटाळा येईल; येऊ द्या, पण ते ओलांडून जाऊ नका. सुरुवातीला एवढा एकच आकडा लक्षात ठेवा. झांगजियाकोत एक उडी शून्य होऊनही, म्हणजे आठऐवजी सातच उड्यांवर, जपान ८३६.३ गुणांनी चौथा आला. कांस्य जिंकणाऱ्या कॅनडाचे गुण ८४४.६. फरक ८.३ गुणांचा, त्या टेकडीवर चार मीटरांहून थोडासा जास्त.